हातोहात न फिरणारी नाणी

दक्षिण प्रशांत महासागरात निऊए नावाचे एक बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे २६० चौरस किलोमीटर आणि लोकवस्ती दोन हजारांहूनही कमी, म्हणजे आपल्या जिल्ह्यातील एखाद्या मध्यम गावाएवढीसुद्धा नाही. १९७४ पासून हे बेट न्यूझीलंडशी सहबंध राखून स्वतःचा कारभार स्वतः पाहते. तेथील दुकानात, बाजारात, टपाल कचेरीत न्यूझीलंडचाच डॉलर चालतो. तरीही या चिमुकल्या देशाच्या नावाने निघालेली चांदीची नाणी जगभरच्या संग्राहकांच्या कपाटांत आहेत. २००१ साली जपानी चित्रमालिकेतील पिकाचू या पिवळ्या प्राण्याचे नाणे निघाले. २०११ साली स्टार वॉर्स या चित्रपटमालेतील पात्रांची नाणी निघाली आणि पुढे मिकी माऊसही आला. एका बाजूला इंग्लंडची राणी, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतले चित्रपटातील पात्र, नाव निऊएचे, टाकसाळ न्यूझीलंडमधली आणि ग्राहक युरोप-अमेरिकेतला असा हा सारा प्रकार आहे.

आपल्या शाळेच्या इतिहास-कक्षाला परदेशी स्थायिक झालेल्या एका हितचिंतकांनी अशा नाण्यांचा एक अल्बम भेट दिला, तेव्हा या विषयाकडे माझे प्रथम लक्ष गेले. पारदर्शक डब्यांत बसवलेली ती गोल, चौकोनी, रंगीत नाणी पाहून मुले हरखून गेली. इतिहासाच्या तासाला अशी गर्दी मी सहसा पाहत नाही. सातवाहनांच्या नाण्यांची चित्रे दाखवतो तेव्हा मागच्या बाकावर जांभया सुरू असतात; पण पिकाचूसाठी मागचे बाक रिकामे झाले. मुले ती नाणी आळीपाळीने हातात घेत असता सहावीतील एका मुलीने विचारले, “सर, तिथली मुलं या पैशात गोळ्या कशा घेत असतील?”

घेत नाहीत. या व्यवहाराचे मर्म नेमके इथेच आहे. तो कसा चालतो हे थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडील पुष्कळ सुशिक्षितांनाही त्याची कल्पना नसते.

नाणे पाडण्याचा अधिकार हा सार्वभौमत्वाचा एक अंश मानला जातो. कितीही लहान देश असो, त्याचे नाव, त्याचे मूल्य आणि त्याच्या शासनाची संमती असली की धातूचा तुकडा ‘नाणे’ होतो. ती नसेल तर तोच तुकडा केवळ पदक. संग्राहकांच्या जगात या दोहोंच्या किमतीत मोठे अंतर पडते. ही गोष्ट खाजगी टाकसाळींनी आणि वितरकांनी फार पूर्वी हेरली. त्या छोट्या देशाकडे जातात, नाण्याची कल्पना मांडतात, धातू, साचा, जाहिरात, विक्री हे सगळे आपल्याकडे घेतात. देशाने द्यायचे ते फक्त नाव. त्याबद्दल त्याला मोबदला मिळतो. एका ट्रॉय औंसाचे, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम चांदीचे नाणे आणि त्यावर कोरलेले मूल्य एक किंवा दोन डॉलर, असा सर्वसाधारण मासला. चांदीच त्याच्या कितीतरी पट किमतीची असल्यामुळे ते नाणे बाजारात खर्च करण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. कायद्याने ते चलन असते. चालत मात्र ते कधीच नाही.

हा मार्ग एकट्या निऊएचा नाही. कुक बेटे, तुवालु, पलाऊ, पिटकर्न अशी मोठी मालिका आहे. पिटकर्नची वस्ती अवघी पन्नासच्या आसपास. तरी १९८८ पासून त्याची नाणी आहेत. पलाऊने २००७ साली फ्रान्समधील लूर्द या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राचे पाणी कुपीत भरून ती कुपीच नाण्यात बसवली. तीर्थाचे पाणी, चांदी आणि सरकारी शिक्का एकत्र आल्यावर भाविक ग्राहकाने आणखी काय मागावे! आपल्या देशात ही कल्पना अजून कोणाला सुचलेली नाही, हे आपले भाग्य.

प्रथमदर्शनी या साऱ्याचे हसू येते. मलाही आले. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने हसून पुढे जाऊ नये. तुवालुची एकूण जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर, लोकसंख्या अकरा हजारांच्या घरात. खाणी नाहीत, कारखाने नाहीत, मोठी शेती नाही. समुद्र वर चढतो आहे. अशा देशाजवळ विकण्याजोगे काय उरते? मासेमारीचे हक्क, टपालाची तिकिटे, इंटरनेटवरील नावाच्या शेवटी येणारी दोन अक्षरे, आणि नाण्यावर टाकायचे नाव. ज्याच्याजवळ काहीच नाही तो आपले नाव भाड्याने देतो. त्यातून शाळेचे बाक येत असतील, दवाखान्याची औषधे येत असतील, तर त्याला नावे ठेवणारे आपण कोण? भूतानसारख्या बौद्ध देशानेही एकेकाळी परदेशी संग्राहकांसाठी चमत्कारिक तिकिटे काढली होती. १९७२ सालची त्याची तिकिटे तर चक्क छोट्या ध्वनिमुद्रिका होत्या. त्या वाजवता येत. गरिबांचा हा व्यापार श्रीमंतांच्या हौसेवर चालतो. माझी अडचण विक्रीबद्दल नाही. त्या बेटावरच्या माणसाच्या तळहाताला त्याच्याच देशाचे नाणे लागत नाही, ही गोष्ट मला बोचते.

ती मला का बोचते, हे सांगण्यासाठी थोडे घरातले बोलावे लागेल.

माझी आजी सांगत असे, तिच्या तरुणपणी आमच्या माणसांच्या हाती पैसा फारसा येतच नसे. कामाचा मोबदला बलुत्याच्या रूपाने, खळ्यावरच्या धान्याच्या रूपाने मिळे. क्वचित रोख मजुरी मिळालीच तर देणारा ती वरून टाकी. ओंजळ खाली, हात वर, मध्ये वीतभर हवा. दुकानात काही घ्यायचे असेल तर पैसा उंबऱ्यावर ठेवायचा आणि मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मग तो उचली. आजी हे सांगताना रागावत नसे, हसत असे. “पैशाला आंघोळ घालायचे, पण गल्ल्यात टाकायचेच की!” असे तिचे शब्द. अर्थशास्त्राच्या पुस्तकात पैसा हे विनिमयाचे माध्यम आहे, असे पहिल्याच पानावर लिहिलेले असते. पण ज्या समाजात हाताला हात लागू द्यायचा नाही, तेथे विनिमयाचे माध्यम हवेतून खाली पडते, हे त्या पुस्तकात नसते. नाणे हाताहातांतून फिरते म्हणून ते नाणे, हा अर्थ मला पदव्युत्तर अभ्यासात नव्हे, आजीच्या ओसरीवर कळला.

वडील नाशिकरोडच्या मुद्रणालयात कामगार होते. १९२०च्या दशकात इंग्रजांनी तेथे प्रतिभूती मुद्रणालय उभारले, पुढे १९२८ साली चलनी नोटांचे मुद्रणालय सुरू झाले, आणि नाशिकरोडला एक वेगळीच कामगार संस्कृती निर्माण झाली. देशाचा पैसा आमच्या गल्लीतील माणसे छापत. महिनाअखेरीस त्याच गल्लीत उसनवारी चाले. वडिलांना मात्र एका गोष्टीचा फार अभिमान होता. १४ एप्रिल १९६६ रोजी बाबासाहेबांचे पंधरा पैशांचे टपाल तिकीट निघाले, ते नाशिकरोडलाच छापले गेले. त्यापूर्वी २४ मे १९५६ रोजी तथागतांच्या अडीच हजाराव्या जयंतीची दोन तिकिटे निघाली, तीही येथलीच. मुद्रणालयातून कागदाचा कपटाही बाहेर येत नसे, तपासणी कडक. म्हणून वडिलांनी ते १९६६चे तिकीट टपाल कचेरीत रांग लावून विकत घेतले. पंधरा पैसे देऊन. ते त्यांनी पाकिटावर कधी चिकटवले नाही.

नाणी मात्र नाशिकला पडत नाहीत. ती मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा येथील टाकसाळींत पडतात. स्वतंत्र भारताने पहिले स्मारक नाणे १९६४ साली पंडित नेहरूंच्या निधनानंतर काढले. बाबासाहेबांचे नाणे यायला १९९० उजाडले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले, जन्मशताब्दी जवळ आली होती, आणि एक रुपयाच्या नाण्यावर त्यांची मुद्रा आली. तांबे आणि निकेल यांच्या मिश्रणाचा साधा रुपया. ना चांदीचा, ना मखमली डबीतला.

त्या रुपयाचे महत्त्व आजच्या मुलांना समजावून सांगणे कठीण आहे. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. वस्तीत ज्याच्या हाती तो रुपया येई तो दुसऱ्याला दाखवायला धावे. कोणी तो देव्हाऱ्याच्या जागी ठेवलेल्या बुद्धमूर्तीपाशी ठेवला, कोणी तसबिरीत चिकटवला, काही बायांनी राणीछाप रुपयाला जशी कडी लावत तशी कडी लावून गळ्यात घातला. पण माझ्या मते खरा चमत्कार तसबिरीत गेलेल्या रुपयाने केला नाही. तो बाजारात राहिलेल्या रुपयाने केला. ज्या दुकानदाराच्या बापाने आमच्या पैशावर पाणी शिंपडले, त्याच्या गल्ल्यात तो रुपया गेला. एसटीच्या वाहकाने तो सुटे म्हणून परत दिला. भाजीवालीने कनवटीला लावला. देवळाच्या दानपेटीतही तो पडला असणार. आणि काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून ज्यांच्या अनुयायांना अडवून धरण्यात आले, त्यांचीच मुद्रा असलेला रुपया नाशिकच्या कुठल्या ना कुठल्या देवळात बिनविरोध आत गेला असेल, हा विचार मनात आला की मला आजीसारखेच हसू येते. त्या रुपयाला कोणी वरून टाकू शकत होते, पण घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला तो बोटांत धरावाच लागत होता.

पुढे २०१५ साली सव्वाशेव्या जयंतीनिमित्त आणखी दोन नाणी निघाली. त्या वर्षीच्या महापरिनिर्वाणदिनी, ६ डिसेंबरला, दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते त्यांचे प्रकाशन झाले. एक दहा रुपयांचे, दोन धातूंचे, व्यवहारासाठी. दुसरे १२५ रुपयांचे. वजन ३५ ग्रॅम, त्यात निम्मी चांदी. सव्वाशे रुपयांचे नाणे कोणी किराण्याच्या दुकानात देत नाही. ते आगाऊ नोंदणी करून, दर्शनी मूल्याहून कितीतरी अधिक पैसे भरून, डबीसकट घ्यायचे असते. म्हणजे प्रकार तोच झाला, निऊएचा. फरक एवढाच की येथे नाव आपल्याच देशाचे, टाकसाळ आपल्याच शासनाची आणि मुद्रा बाबासाहेबांची. मी त्याचा अनादर करीत नाही. आमच्या परिचयातील एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे ते आहे आणि ते पाहताना मीही दोन क्षण गप्प राहिलो. परंतु वस्तीतल्या माणसाला विचारले तर त्याला १९९०चा रुपया आठवतो. सव्वाशेचे नाणे त्याने वर्तमानपत्रातील छायाचित्रातच पाहिले.

या दोन नाण्यांमधल्या फटीत बाजार शिरतो. काही वर्षांपूर्वी जयंतीच्या मिरवणुकीत, फुगे आणि निळ्या टोप्या विकणाऱ्यांच्या रांगेत, एका विक्रेत्याने सोनेरी मुलाम्याचे तुकडे मांडले होते. त्यावर बाबासाहेबांची आकृती, खाली इंग्रजीत काही मजकूर, आणि तोंडी जाहिरात अशी की हे ‘परदेशी सरकारने काढलेले नाणे’ आहे, दोन वर्षांत दाम दसपट होईल. आमच्या शेजारच्या एका बाईंनी बचतगटातून घेतलेल्या उचलीतून तसे दोन तुकडे घेतले, एक मुलीच्या लग्नासाठी म्हणून. त्यांनी ते मला दाखवले. त्यावर देशाचे नाव नव्हते, मूल्य नव्हते, सालही नव्हते. ते नाणे नव्हते; धड पदकही नव्हते. पितळेवर सोनेरी पाणी होते. बाईंना ते सांगणे माझ्या वाट्याला आले. त्या एवढेच म्हणाल्या, “असू द्या गुरुजी, बाबांचं चित्र तर खरं आहे ना?” या प्रश्नाला इतिहास विषयात उत्तर नाही. पण त्यानंतर मी दर वर्षी नववीच्या वर्गाला नाणे कसे पारखावे याचा एक तास देतो. देशाचे नाव पाहा, मूल्य पाहा, वर्ष पाहा, सालाखाली टाकसाळीची खूण पाहा. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका आणि कोलकात्याचे काहीच नाही. पाठ्यपुस्तकात हे नाही. असायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ज्या माणसाची मुद्रा असलेला तुकडा आपण पितळेवर मुलामा देऊन विकतो, तो माणूस स्वतः रुपयाचा केवढा कठोर परीक्षक होता, हे आपल्या समाजात फार थोड्यांना ठाऊक असते. १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेला ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा बाबासाहेबांचा प्रबंध आपण मिरवतो जास्त, वाचतो कमी. त्यातील एक धागा आमच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. १८९३ साली सरकारने लोकांना चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मुभा बंद केली. त्यानंतर रुपया पाडणे सरकारच्या हाती राहिले, आणि रुपयातील चांदीची किंमत रुपयाच्या मूल्याहून कमी असल्यामुळे प्रत्येक रुपयामागे सरकारला नफा होऊ लागला. हा नफा राखीव निधी म्हणून लंडनला ठेवला जाई. निधी वाढतो म्हणजे चलन मजबूत होते, असा तेव्हाच्या तज्ज्ञांचा दावा. बाबासाहेबांनी त्याच्यावर बोट ठेवले. हा निधी वाढायचा तर आणखी रुपये पाडावे लागतात. म्हणजे देणे वाढवल्याशिवाय तारण वाढत नाही. नाणे पाडणाऱ्याच्या मर्जीवर चलन सोडले तर रुपयाची किंमत घसरते, भाव चढतात, मजुरी मात्र मागे राहते, आणि जो लाभ व्यापाराचा म्हणून सांगितला जातो तो वस्तुतः मजुराच्या ताटातून उचललेला असतो. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी सरकारचाही रुपये पाडण्याचा अधिकार बंद करावा, अशी सूचना केली. रुपया सोन्याचा की चांदीचा हा वाद आता जुना झाला. ‘नाणे पाडण्याचा नफा कोणाला, आणि भार कोणावर?’ हा प्रश्न जुना झालेला नाही. निऊएच्या चांदीच्या डॉलरलाही तोच विचारावा लागतो.

आपण राहतो त्या भूमीत हा प्रश्न दोन हजार वर्षांपासून पडलेला आहे. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली खूण पुन्हा ठोकलेली. जिंकणाऱ्या राजाने ती वितळवली नाहीत, हे मला विशेष वाटते. लोकांच्या हातात जे नाणे फिरत होते ते फिरतेच ठेवले. फक्त जुन्या राजाच्या चेहऱ्यावर नवे चिन्ह चढवले. राज्य बदलल्याची वार्ता त्या काळी बहुधा अशीच घरोघरी पोचली असेल, धान्याच्या मापासोबत.

त्याच नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख त्रिरश्मी लेण्यांत आहे. मुलांना सहलीला नेतो तेव्हा मी त्यांना तेथेच गणित घालतो. उषवदाताने भिक्खुसंघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकर श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी दोन हजारांवर महिन्याला शेकडा एक दराने व्याज. महिन्याचे वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. हिशेब चोख जुळतो! मूळ रक्कम कधी परत घ्यायची नाही, फक्त व्याज वापरायचे, असेही त्यात कोरले आहे. मुलांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात आणि ते वाजवतातही; लेण्यात प्रतिध्वनी फार छान येतो. मी त्यांना सांगतो, ही नाणी पाहा कशी चालली: राजपुरुषाकडून विणकराकडे, विणकराच्या मागावरून कापडात, कापडावरून भिक्खूच्या खांद्यावर. दान देणाऱ्याचे नाव भिंतीवर राहिले, पण नाणी भिंतीवर राहिली नाहीत.

न चालणारे नाणे म्हणजे निरर्थक नाणे, असा सोपा निष्कर्ष मात्र येथे काढता येत नाही. तो काढू पाहणाऱ्याला प्रशांत महासागरातील याप नावाचे बेट अडवते. याप बेटावर मध्ये भोक असलेल्या प्रचंड दगडी चकत्या पैसा म्हणून मानल्या जात. हे दगड दूरच्या पलाऊ बेटावर खणून समुद्रमार्गे आणले जात. काही इतके मोठे की एकदा ठेवले की हलायचे नाहीत. मालक बदलला तरी दगड जागच्या जागी; गावाला ठाऊक असे की आता तो अमक्याचा. एक दगड तर वाटेत समुद्रात बुडाला, तरी आणणाऱ्याच्या कुटुंबाची श्रीमंती सर्वांनी मान्य केली, अशी नोंद तेथे गेलेल्या अभ्यासकाने केली आहे. म्हणजे नाणे हलले नाही तरी चालते, पण ज्यांच्या मधून ते चालायचे त्या माणसांचा त्यावर भरवसा हवा, त्यांच्या तोंडी त्याची कथा हवी. पलाऊतून निघालेला दगड यापच्या प्रत्येक पोराला माहीत होता. पलाऊच्या नावाने निघालेली लूर्दच्या पाण्याची कुपी पलाऊतील किती जणांनी पाहिली असेल?

याच्या उलट एक उदाहरण आमच्या अल्बमात आहे, आणि ते माझे सर्वांत आवडते. कुक बेटांचा एक डॉलर. १९७२ पासून या नाण्यावर तांगारोआ या त्यांच्या पुरातन देवतेची आकृती आहे. हे नाणे तेथे खरोखरच दुकानात चालते. पाहुणे ते आठवण म्हणून घरी नेतात, तेव्हाही त्याचा लाभ बेटालाच होतो. त्याचप्रमाणे श्रीलंकेने, तेव्हाच्या सिलोनने, अडीच हजाराव्या बुद्धजयंतीनिमित्त १९५७ साली नाणी काढली: पाच रुपयांचे चांदीचे आणि एक रुपयाचे साध्या धातूचे. ज्याला परवडेल त्याने चांदीचे घ्यावे, पण साधा रुपया कोणाच्याही खिशात येऊ शकेल, अशी ती योजना होती. १९५०च्या मे महिन्यात बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी ज्या बेटावर गेले, त्याच बेटाचे हे नाणे. आमच्याकडे त्यातला रुपया आहे, चांदीचे नाही. झिजलेला आहे, आणि झिजलेला आहे म्हणूनच तो मला प्रिय.

हे सर्व स्मरणिकेत लिहिण्याचे कारण आता सांगतो. संस्थेच्या वर्धापनवर्षानिमित्त चांदीची स्मृतिमुद्रा काढावी, तिच्या एका बाजूस तथागत, दुसऱ्या बाजूस शाळेची इमारत असावी, आणि ती मुंबई-पुण्यातील व परदेशातील हितचिंतकांना देणगीमूल्य घेऊन द्यावी, असा प्रस्ताव समितीपुढे आला. हेतू उत्तम आहे. मुलींच्या वसतिगृहाचे छप्पर दोन पावसाळे गळते आहे. तेथे बादल्या मांडून झोपणाऱ्या मुलींना नाणेशास्त्रावरील प्रवचन देण्याचे धाडस मला नाही. शासनाचे अनुदान वेळेवर येत नाही, हे येथे सर्वांनाच माहीत. म्हणून मी प्रस्तावाला विरोध केला नाही. आपणही एक लहानसे बेटच आहोत आणि आपल्याजवळ विकण्याजोगे नावच आहे.

मी दोन सूचना लेखी दिल्या. पहिली, तिला कोठेही ‘नाणे’ म्हणू नये. ‘मुद्रा’ किंवा ‘पदक’ म्हणावे आणि चांदी किती, ते तिच्यावरच कोरावे, म्हणजे उद्या कोणी बचतगटाच्या बाईला ती दसपटीच्या आशेने विकू नये. दुसरी, चांदीची जितकी निघतील ती निघोत, पण त्याच साच्यातून तांब्याची मुद्रा शाळेतील प्रत्येक मुलाला आणि मुलीला, स्वयंपाकघरातील मावशींना आणि रात्रपाळीच्या पहारेकरी मामांना, देणगीदारांच्या आधी मिळावी. हातात घालून द्यावी, ताटात ठेवून नव्हे.

पहिली सूचना लगेच मान्य झाली. दुसरीवर खर्चाचा प्रश्न निघाला. तांब्याचा भाव, साच्याचे वेगळे भाडे, संख्या किती, असा बराच काथ्याकूट झाला. एका सभासदांनी मुले ती मुद्रा हरवतील, अशी रास्त शंका काढली. मुले हरवतीलच, काही जण खेळात छापा-काटा करतील, एखादा गावी जाताना एसटीत वाहकापुढे धरूनही पाहील. शेवटी कार्याध्यक्षांनी सांगितले की मागच्या बाजूस इमारतीऐवजी काय घ्यावे हे आधी मुलांनाच विचारा, खर्चाचे नंतर पाहू. परिपाठाच्या वेळी विचारले. आतापर्यंत आलेल्या चिठ्ठ्यांत सर्वाधिक मते घंटेला आहेत, त्याखालोखाल अंगणातल्या पिंपळाला. आठवीच्या वर्गाने एकमताने भाकरी सुचवली आहे, आणि तेरा चिठ्ठ्या पिकाचूच्या आहेत. मतमोजणी पुढच्या शनिवारी आहे.